गोष्ट वाचताना मूल उठून जाते, तेव्हा

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. रोज रात्री मी त्याला पुस्तक वाचून दाखवते. पण दोन पाने होतात न होतात तोच तो पुढची पाने उलटू लागतो, मध्येच भलतेच काही विचारतो, नाहीतर उठून खेळण्यांकडे जातो. ‘नीट बस, तरच वाचेन’ म्हटले की त्याला पुस्तकच नको असते. एक पुस्तक मात्र तो रोज मागतो आणि मला आता त्याचा कंटाळा आला आहे. त्याचे लक्ष टिकावे म्हणून काय करावे?

उत्तर : तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेल्या गोष्टींपैकी पाने उलटणे, प्रश्न विचारणे आणि तेच पुस्तक पुन्हा मागणे या तिन्ही माझ्या मते लक्ष असल्याच्याच खुणा आहेत. वाचता न येणारे मूल पुस्तकात जवळजवळ सगळा वेळ चित्रच पाहत असते. त्याचे चित्र पाहून संपते, तेव्हा तुमचा मजकूर अजून चार ओळी उरलेला असतो. मग ते पान उलटणार नाही तर काय करील? अशा वेळी मजकुराचा हट्ट खुशाल सोडावा, उरलेल्या ओळी आपल्या शब्दांत एका वाक्यात सांगाव्यात आणि त्याच्याबरोबर पुढच्या पानावर जावे. ‘नीट बस’ ही अटही काढून टाकावी, कारण पुष्कळ मुले हाताने काहीतरी चाळा करत असतानाच उत्तम ऐकतात.

मुलाला वाचनात काही काम मिळाले की ते सहसा उठून जात नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या काही पालकांना, सरळ वाचत जाण्याऐवजी मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात थोडी भर घालायला शिकवले होते. महिन्याभरात ही मुले, नेहमीच्या पद्धतीने वाचन ऐकणाऱ्या मुलांपेक्षा बोलण्यात पुढे गेलेली दिसली. समजा, चित्रात खाटेखाली कुत्रा आहे. मूल ‘भूभू’ म्हणाले, तर ‘हो, भिजलेला भूभू! तो खाटेखाली का बरे शिरला असेल?’ असे विचारून गप्प बसावे. हे गप्प बसणेच मोठ्यांना जड जाते. लहान मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो आणि आपण तेवढ्यात उत्तर सांगून मोकळे होतो. मात्र प्रत्येक पानावर ‘हा कोणता रंग? किती पक्षी?’ सुरू झाले, तर ती तोंडी परीक्षा होते आणि परीक्षेतून मूल पळणारच.

तेच पुस्तक मागतो, तर तेच वाचावे. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठातील जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, वेगवेगळ्या गोष्टींतून कानावर पडलेल्या नव्या शब्दांपेक्षा, एकच गोष्ट वारंवार ऐकताना भेटलेले शब्द मुलांच्या अधिक लक्षात राहिले, असे 2011 मध्ये आढळले. तुमच्या कंटाळ्यावर उपाय म्हणजे वाक्याचा शेवटचा शब्द त्याच्यासाठी सोडून द्यायचा, किंवा मुद्दाम चुकीचे नाव वाचायचे. तुमची चूक पकडण्यासारखा आनंद त्याला दुसरा नसेल.

रात्रीची वेळही एकदा बदलून पाहा. दमलेल्या, पेंगुळलेल्या मुलाला अनेकदा पुस्तक सोसवत नाही. त्याला दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटे पुरतात. तरीही तो उठून गेलाच, तर दोन-चार ओळी आपल्यापुरत्या मोठ्याने वाचत राहावे आणि तो परत आला नाही, तर न रागावता पुस्तक मिटावे. एरवीही हाक मारल्यावर तो वळून पाहत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडून त्याची ऐकण्याची क्षमता तपासून घ्यावी.

प्रश्न : नातवाला वाचून दाखवायची हौस आहे, पण मला आवाज बदलून, हावभाव करून वाचता येत नाही. माझे वाचन त्याला नीरस वाटेल का?

उत्तर : आजोबा, वाघाचा आवाज काढता आलाच पाहिजे असे मुळीच नाही. वाचनाचा वेग सांभाळा. बहुतेक मोठी माणसे मुलांसमोर फार भरभर वाचतात. पुढे काय होणार अशी उत्सुकता असेल तिथे पान उलटण्याआधी थोडे थांबा आणि भीतीच्या ठिकाणी आवाज खाली आणा. पुस्तक आधी एकदा स्वतः वाचून ठेवले, तर या जागा आपोआप सापडतील.