गर्भपाताचा निर्णय माझाच होता, मग दोन महिन्यांनी रडू का येतं?

येतं गं. निर्णय बरोबर असला म्हणून दुःख होत नाही असं थोडंच आहे? सुटल्यासारखं वाटणं आणि पोटात तुटणं, दोन्ही एकाच दिवशी होऊ शकतं. काहींना फक्त सुटल्यासारखं वाटतं, तेही ठीकच.

माझं झालं तेव्हा तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. लेडीज डब्यात शेजारणीच्या बाळाने माझी ओढणी मुठीत धरली. घाटकोपरलाच उतरले, बाकावर बसून दोन लोकल जाऊ दिल्या. घरी फक्त नवऱ्याला माहीत, आणि तो विषय काढायलाच घाबरायचा. शेवटी मावशीला सांगितलं. ती काहीच बोलली नाही, वरणभात वाढला. त्या रात्री झोप लागली.

सुरुवातीला हार्मोन्स उतरतात, त्याचाही थोडा भाग असतो. पण आता झोप, जेवण, कामच बिघडलं असेल तर १४४१६ वर, म्हणजे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि सासरी कळेल ही भीती असेल, तर १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यानुसार डॉक्टरांना तुझं नाव गुप्त ठेवावंच लागतं. जीव द्यावासा वाटला तर मात्र थांबू नकोस, कुणाला तरी घेऊन सरळ हॉस्पिटल गाठ.