मराठी लिहिण्यासाठी स्वतःच्या हाताने छोटा मेकॅनिकल कीबोर्ड बनवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. पंचेचाळीस-पन्नास बटणांचा कीबोर्ड शून्यातून बनवायचा आहे, पीसीबी (तारांऐवजी तांब्याच्या रेघा असलेली छापील पाटी) करून घ्यावा की हाताने तारा जोडाव्यात हे ठरत नाही, आणि लिखाण बहुतेक इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत आहे. मी भाषांतराचं काम करते, दिवसाचे सहा-सात तास इन्स्क्रिप्टमध्येच जातात. आत्ता हे उत्तर ज्यावर लिहिते आहे तो कीबोर्ड मी स्वतः बनवलेला आहे, ४८ बटणांचा. हा माझा दुसरा. पहिला नीट चालायचा, पण त्यावर मराठी लिहिता यायचं नाही. म्हणून स्विच, तारा, प्लेट हे सगळं नंतर सांगते. आधी मांडणी.

कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवतच नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. के हे बटण दाबलं की यूएसबीवरून १४ हा आकडा जातो. भाषा इंग्रजी असेल तर संगणक त्याचा k करतो, मराठी इन्स्क्रिप्ट असेल तर क. त्यामुळे कोणत्याही कीबोर्डवर मराठी लिहिता येतं, अट एकच: तो आकडा पाठवणारं बटण कीबोर्डवर असलं पाहिजे. आणि छोट्या कीबोर्डांतून पहिल्यांदा कोणती बटणं काढली जातात? पीच्या उजवीकडचे दोन चौकोनी कंस, तिरकी उलटी रेघ, वजाबाकी, बरोबरचं चिन्ह आणि अंकांची अख्खी ओळ. इंग्रजी लिहिणाऱ्याला ती क्वचित लागतात. इन्स्क्रिप्टमध्ये मात्र डावा चौकोनी कंस म्हणजे ड, शिफ्टबरोबर ढ. उजव्या कंसावर नुक्ता आणि ञ. उलट्या रेघेवर ॉ आणि ऑ. बरोबरच्या चिन्हावर ृ आणि ऋ. वजाबाकीवर शिफ्टबरोबर विसर्ग. ॅ आणि ज्ञ अंकांच्या ओळीत, शिफ्ट दाबून २ आणि ५ वर.

आता माझा पहिला कीबोर्ड डोळ्यासमोर आणा. इंटरनेटवर मिळालेली चार ओळी, बारा स्तंभांची मांडणी मी जशीच्या तशी उचलली होती. पहिल्या दिवशी 'डॉक्टर' लिहायला गेले तर ड नाही आणि ॉ पण नाही. 'कृपया'तला ृ नाही. 'विज्ञान' अडलं, 'कॅमेरा' अडला. ही अक्षरं दुसऱ्या थरात होती, म्हणजे एक बटण धरून ठेवायचं आणि मग दुसरं दाबायचं. दर तिसऱ्या ओळीत असं करावं लागलं की विचारांची साखळी तुटते. चार दिवसांत मी जुना कीबोर्ड पुन्हा काढला.

साठ टक्के म्हणतात त्या आकारात ही अडचण नाही. १९९६ साली जपानच्या पीएफयू कंपनीने प्राध्यापक एइइती वादा यांच्या कल्पनेवरून हॅपी हॅकिंग कीबोर्ड काढला. त्यात ६० बटणं आहेत, पण अंकांची ओळ, कंस, रेघा सगळं शाबूत आहे. तुम्ही सरकारी टंकलेखन परीक्षेच्या रेमिंग्टन पद्धतीने लिहीत असाल तर याहून खाली जाऊच नका. तिथे अंकांच्या ओळीतही अक्षरं आणि चिन्हं बसवलेली आहेत. इन्स्क्रिप्टमध्ये मात्र ४८ बटणांत काम भागतं, फक्त जागा आपण वाटून द्यायच्या.

मी अशा वाटल्या. बॅकस्पेस आणि एंटर दोन्ही अंगठ्यांखाली आणले. त्यामुळे पीशेजारची जागा मोकळी झाली, तिथे ड. य च्या शेजारी एंटर असतो, तिथे ॉ. डाव्या टोकाला, जिथे एरवी कॅप्स लॉक असतो, तिथे ृ. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ही रचना मला फार आवडते. ृ ही मात्रा असूनही मूळ मांडणीत उजवीकडे आहे, माझ्या कीबोर्डवर ती डावीकडच्या बाकी मात्रांमध्ये आली. कमी लागणारं सगळं दुसऱ्या थरात ठेवलं, पण लक्षात राहील अशा ठिकाणी: ज च्याच बटणावर ज्ञ, े च्याच बटणावर ॅ. फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, 'शिफ्ट आणि २' हे एकच बटण म्हणून नोंदवता येतं, त्यामुळे दोन बोटांचा व्याप राहत नाही. तुमच्या संगणकावरच्या मांडणीत या जागा त्याच आहेत ना, ते आधी एकदा दाबून बघा.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो शिफ्टचा. 'अळणी' हा साधा शब्द घ्या. अ ला शिफ्ट, ळ ला शिफ्ट, ण ला शिफ्ट. चार कळांपैकी तीन शिफ्टच्या. ख, थ, भ, ध, श, सगळे स्वर, सगळे तिथेच. एवढा भार आपण करंगळीवर टाकतो, हे मला बोट दुखायला लागल्यावर कळलं. शिफ्ट डाव्या अंगठ्याखाली घ्या आणि 'वन-शॉट' करा: एकदा टिचकी मारायची, पुढचं एकच अक्षर शिफ्टचं येतं, धरून ठेवायची गरज नाही. बाकी काही केलं नाही तरी चालेल, एवढं मात्र नक्की करा.

इंग्रजी लिहिणारे मधल्या ओळीच्या बटणांवरच कंट्रोल, शिफ्ट वगैरे बसवतात: टिचकी मारली तर अक्षर, धरलं तर कंट्रोल. ते इन्स्क्रिप्टला घेऊ नका. डावीकडची मधली ओळ म्हणजे ो े ् ि ु, आपण सतत वापरतो ती. डी वर हलन्त आहे. 'क्त' लिहिताना हलन्तवरचं बोट उचलायला जरा उशीर झाला की ते बटण कंट्रोल समजलं जातं, त वर एल आहे, आणि कंट्रोल-एल म्हणजे ब्राउझरमध्ये कर्सर थेट पत्त्याच्या पट्टीत. क्यूएमके या कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये टिचकी की धरलेलं हे ठरवणारी मुदत मूळची २०० मिलिसेकंद असते, ती मी वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. जोडाक्षरांच्या भाषेत ते जमलं नाही.

मांडणी ठरली की ती कागदावर खऱ्या मापात छापा. दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. बारा स्तंभांचे २२८.६ आणि चार ओळींचे ७६.२ मिलिमीटर झाले. कागद पुठ्ठ्यावर चिकटवा आणि आठवडाभर त्यावर नुसती बोटं चालवा. मी दुसऱ्या वेळी हे केलं आणि अंगठ्यांच्या जागा तीनदा बदलल्या, एक रुपयाही न घालवता.

आता पीसीबी की तारा. पहिला कीबोर्ड हाताने तारा जोडूनच करा. पीसीबीचे कारखाने साधारण किमान ५ नग बनवून देतात, आणि मांडणी चुकली तर पाचही वाया. तारांनी जोडलेल्यात एक बटण हलवायचं तर फक्त दोन टाके काढायचे असतात. वर्षभर वापरून मांडणी पक्की झाली की मग कायकॅड या आराखड्याच्या प्रोग्रॅममध्ये पीसीबी काढा.

जोडणी समजली की भीती जाते. ४८ बटणांना ४८ तारा लागत नाहीत. प्रत्येक बटण एका ओळीच्या आणि एका स्तंभाच्या छेदावर असतं, म्हणून ४ आणि १२ मिळून १६ तारांत काम होतं. कंट्रोलर, म्हणजे कीबोर्डच्या आतला छोटा संगणक, एका वेळी एक ओळ जागी करतो आणि बाराही स्तंभ तपासतो, मग पुढची ओळ, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. यात एक खोट आहे. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली तर वीज आडवाटेने फिरून चौथ्या कोपऱ्याचंही बटण दाबल्याचा भास होतो. ती आडवाट बंद करायला प्रत्येक बटणाला एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावायचा, १एन४१४८, अगदी स्वस्त असतो. त्याच्या काचेवर काळा पट्टा असतो, तो सगळ्यांचा एकाच बाजूला, ओळीच्या तारेकडे ठेवा. डायोडचेच पाय वाकवून एकमेकांना जोडले की ओळीची तार आपोआप तयार होते. स्तंभांना मात्र प्लास्टिकचं वेष्टण असलेली तार घ्या, नाहीतर ती ओळींना शिवेल.

सोल्डरिंग मला आमच्या गल्लीत पंखे-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या काकांनी शिकवलं. त्यांचं एक वाक्य अजून कामी येतं: "कथील तापवू नकोस, पाय तापव, कथील आपणहून पळत येईल." ३३० ते ३५० अंशांवर दोन-तीन सेकंद पुरतात. जास्त वेळ टेकवलं तर स्विचचं प्लास्टिक मऊ पडतं आणि आतली पट्टी वाकडी होते.

प्लेट म्हणजे सगळे स्विच ज्यात बसतात तो पत्रा; तिला चेरी कंपनीच्या एमएक्स जातीच्या स्विचसाठी १४ मिलिमीटरचं चौकोनी भोक आणि १.५ मिलिमीटर जाडी लागते. ही जाडी महत्त्वाची, कारण स्विचच्या बाजूचे चिमटे तेवढ्यातच अडकतात. मी पहिल्यांदा नावाच्या पाट्या कापणाऱ्याकडून ३ मिलिमीटरचं ॲक्रिलिक कापून घेतलं. चिमटे अडकले नाहीत, आणि बटणाची टोपी काढायला गेलं की स्विचच वर यायचा, तारेसकट. शिवाय लेझर थोडं साहित्य जाळतो, म्हणून भोक मोठं होतं. दुसऱ्या वेळी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घेतला, आराखड्यात १३.९ लिहिलं आणि आधी चार भोकांचा एक तुकडा कापून स्विच बसवून पाहिला. पुण्याजवळ भोसरी-चाकणकडे पत्रा लेझरने कापून देणारे वर्कशॉप आहेत. डायोड, तारा, कथील तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील.

स्विचबद्दल फार वाद घातला जातो, माझं मत थोडक्यात सांगते. चेरीचा लाल स्विच ४५ सेंटिन्यूटन दाबाला, ४ मिलिमीटरच्या प्रवासात २ मिलिमीटरवर लागतो, मध्ये कुठलाही अडथळा नाही. निळा टिक् वाजतो, घरात कोणी झोपलेलं असेल तर नको. मी मध्ये हलकी गाठ जाणवणारा तपकिरी जातीचा घेतला, कारण दोन्ही हात आळीपाळीने पळताना अक्षर लागलं हे बोटाला कळतं. टोप्या मात्र सगळ्या ओळींत एकाच उंचीच्या घ्या, डीएसए किंवा एक्सडीए घाटाच्या. आपण बटणं इकडची तिकडे केली आहेत, उतरत्या घाटाच्या टोप्या तिथे बसत नाहीत. आणि सगळी बटणं एकाच रुंदीची ठेवली तर लांब बटण तिरकं होऊ नये म्हणून स्पेसबारखाली बसवतात ते स्टॅबिलायझरही लागत नाहीत.

कंट्रोलर म्हणून रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड घ्या. २६ पिन आहेत, आपल्याला १६ लागतात. बूटसेल बटण दाबून यूएसबीला लावला की तो पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यात क्यूएमकेची फाइल टाकली की झालं. माझ्या पहिल्या कीबोर्डवरच्या छोट्या बोर्डाचं यूएसबीचं तोंड केबल ओढली जाऊन उपटलं होतं, म्हणून आता तोंडाभोवती इपॉक्सी लावते.

पहिल्या चाचणीला हे शब्द लिहा: डॉक्टर, कृपया, विज्ञान, कॅमेरा, अळणी, दुसऱ्या, ढग, ठसका. एकच बटण गप्प असेल तर त्याचा डायोड उलटा आहे किंवा टाका सुटला आहे. उभा स्तंभ गप्प असेल तर स्तंभाची तार कंट्रोलरपाशी बघा. एक दाबलं आणि दोन अक्षरं आली तर कुठेतरी कथील सांडून दोन तारा चिकटल्या आहेत, मल्टिमीटर लावला की तो बीप वाजवून जागा दाखवेल. आणि ड च्या जागी चौकोनी कंस आला तर काहीही उकलू नका, संगणकाची भाषा इंग्रजीवर राहिली आहे.