अमेरिकेला निघालेल्या नेमबाजाला: रायफल, व्हिसा आणि घरी काडतुसं भरण्याबद्दल

एच-वन-बी मंजूर झाला, पासपोर्टवर शिक्का पडला आणि ऑक्टोबरमध्ये तू कोलंबसला रुजू होणार, हे वाचून फार बरं वाटलं. देवरुखचा मुलगा सहा वर्षं नोकरी सांभाळून शनिवार-रविवार पनवेल आणि वरळीच्या रेंज गाठतो, हे मी तुझ्या काकांकडून ऐकून होतो. दहा मीटर एअर रायफल, गेली दोन वर्षं पॉइंट टू-टूने (.२२ च्या बारीक काडतुसाच्या रायफलीने) पन्नास मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून, आणि २०२४ साली स्वप्निल कुसाळेने पॅरिसला कांस्य घेतल्यापासून थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायचं, वेड. तू तीन गोष्टी विचारल्यास. एअर रायफल सोबत आणता येईल का, तिथे गेल्या गेल्या खऱ्या रायफलीने खेळता येईल का, आणि होणाऱ्या रूममेटकडे काडतुसं भरायचा प्रेस आहे, तर केस (काडतुसाचं पितळी नळकांडं), प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), पावडर (दारू) आत्ताच विकत घेऊन रीलोडिंग, म्हणजे उडालेली काडतुसं पुन्हा भरणं, शिकायला सुरुवात करू का, "बंदूक मग नियमात बसेल तेव्हा घेऊ".

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे तू अडकशील.

तसं करू नकोस. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात कलम ९२२ आहे. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने बंदूक किंवा अ‍ॅम्युनिशन बाळगायचं नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. एच-वन-बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसाच आहे, मग त्यावर ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असो वा नसो. तुझ्या बायकोचा एच-फोर आणि विद्यार्थ्यांचा एफ-वन याच रांगेत. आता अ‍ॅम्युनिशन म्हणजे काय, तर त्याची व्याख्या ९२१ मध्ये आहे, आणि ती नुसत्या भरलेल्या काडतुसाची नाही. पितळी केस, प्रायमर, बुलेट, पावडर, प्रत्येक गोष्ट सुटी सुटीही अ‍ॅम्युनिशनच धरली जाते. म्हणजे कपाटात प्रायमरचा एक डबा ठेवलास तरी कायद्याच्या लेखी तू दारूगोळा बाळगतोयस. दुकानदार तुला डबा विकेलही, बहुतेक राज्यांत पावडर-प्रायमर घेताना कोणी व्हिसा विचारत नाही. विकत मिळालं म्हणजे चालतं, असं मात्र नाही. हा गुन्हा फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, आहे, २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे, आणि परदेशी माणसाला त्यापायी देशाबाहेर काढता येतं. तुझ्या वयात ग्रीन कार्डाच्या रांगेत किती वर्षं जातात ते तुला ठाऊक आहे. ती रांग एका डब्यापायी सोडायची नाही.

आणखी एक, कारण हे हमखास घडतं. ऑफिसची टीम आउटिंग म्हणून सगळे इनडोअर रेंजवर जातात, तासाभरासाठी पिस्तूल भाड्याने घेतात, फोटो काढतात. भाड्याची बंदूक हातात घेणं हेसुद्धा बाळगणंच. दारात जो कागद सही करायला देतात त्यात "मला कायद्याने मनाई नाही" असं लिहिलेलं असतं. तू सही केलीस की खोटं लिहून दिलंस. माझ्या ओळखीतले दोघं-तिघं अशा फोटोंसकट मिरवत होते, त्यांना मी रात्री फोन करून ते काढायला लावले. तू रेंजवर जा, बाकीच्यांची पोझिशन बघ, कॉफी पी. हात लावू नकोस. रूममेटची बंदूक घरात असेल तर ती त्याच्या खोलीत, त्याच्या कुलपात, आणि किल्ली त्याच्याकडे. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी वेगळं घर बघ.

यातून एक रीतसर वाट आहे. कोणत्याही राज्याचा शिकारीचा चालू परवाना तुझ्याकडे असेल, तर व्हिसावर असूनही ही मनाई तुला लागू होत नाही. मी २००४ साली इथे अमेरिकेत आलो, तीन वर्षं फक्त एअर रायफल खेळलो, मग शिकारी-शिक्षणाचा कोर्स करून परवाना काढला आणि पहिल्यांदा पॉइंट टू-टू हातात घेतली. परवाना संपला त्या दिवसापासून तू पुन्हा मनाईत. म्हणून नूतनीकरणाची तारीख मी देवाच्या कॅलेंडरवर एकादशीशेजारी लिहून ठेवत असे. ही वाट घेण्याआधी कंपनीचा नव्हे, स्वतःचा इमिग्रेशन वकील गाठ. तासाभराची फी जाईल, जाऊ दे.

एअर रायफलीचं मात्र चित्र वेगळं आहे, आणि तुझ्यासाठी तीच सगळ्यात आनंदाची बातमी. केंद्रीय कायद्यात एअर गन ही फायरआर्म नाही. काही राज्यांत आहे, न्यू जर्सीत तर ती बंदुकीतच मोजतात, पण तू ओहायोत येतोयस. कोलंबसहून दोनेक तास गाडी हाकलीस की लेक एरीच्या काठावर कॅम्प पेरी लागतं. तिथे गॅरी अँडरसन यांच्या नावाचं केंद्र आहे, दहा मीटरचे ८० फायरिंग पॉइंट, सगळे इलेक्ट्रॉनिक. अँडरसन म्हणजे १९६४ आणि १९६८ चे ३०० मीटर रायफलचे ऑलिंपिक विजेते. पहिल्यांदा त्या हॉलमध्ये उभा राहिलो तेव्हा ८० जण एका ओळीत, कोणी बोलत नाही, फक्त टक्-टक् आवाज. दहाचं वर्तुळ तिथेही अर्ध्या मिलिमीटरचंच. तुझे सहा वर्षांचे कष्ट तसेच्या तसे उपयोगी पडतील.

रायफल आणायची तर आधी तुझ्या राज्य संघटनेकडून पत्र घे, एअरलाइनला लेखी विचार, सिलिंडर पूर्ण रिकामा कर आणि चेक-इन सामानात कडक पेटीत घाल. कस्टमला नेताना आणि उतरल्यावर दोन्हीकडे दाखव. जॅकेट, पँट, बूट, ग्लव्ह जरूर आण, अंगाला बसलेलं जॅकेट पुन्हा घडवायला वर्ष जातं. आणि बॅग भरण्याआधी तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटक. प्रोनच्या सरावाची बॅग असते, पॉइंट टू-टूचं एखादं जिवंत काडतूस शिवणीत अडकून राहतं, आणि मुंबई विमानतळावर स्कॅनरमध्ये ते दिसलं की आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा. शक्यतो ती बॅग गावीच ठेव, नवी घे. तुझी स्वतःची परवान्याची रायफल असेल तर ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे रीतसर जमा करून पावती घे. घरच्या कपाटात भावाच्या भरवशावर सोडू नकोस.

आता रीलोडिंग. तू आत्ता करायचं नाहीस, पण त्याबद्दल ऐकून घे, कारण तुझ्या मनात त्याची जागा थोडी चुकलीय. पहिली गोष्ट, पॉइंट टू-टू हे रिमफायर काडतूस. त्याचा प्रायमर कडेतच असतो, ते पुन्हा भरायचं नसतंच. तुझ्या पन्नास मीटरच्या खेळाला रीलोडिंगचा काही उपयोग नाही. ते लागतं सेंटरफायरला, म्हणजे बुडाच्या मध्यभागी वेगळा प्रायमर बसवलेल्या काडतुसाला, लांब पल्ल्याला. मी एफ-क्लास खेळतो. पालथं झोपून, पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावून, .३०८ च्या मोठ्या काडतुसाने १,००० यार्डांवर. कॅनडाच्या जॉर्ज फार्करसन यांनी हा प्रकार सुरू केला, हात आणि नजर थकलेल्या नेमबाजांनाही खेळता यावं म्हणून. त्यांच्याच नावातला एफ. तिथे दहाचं वर्तुळ १० इंचांचं आणि गोळीला पोहोचायला दीड सेकंदाहून जास्त वेळ. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असला तर ती आठेक फूट बाजूला जाते. वारा तू झेंड्यांवरून आणि दुर्बिणीत दिसणाऱ्या मृगजळावरून, म्हणजे उन्हाने थरथरणाऱ्या हवेवरून, वाचायचास. आचऱ्याच्या खाडीत पागीर जाळं टाकताना पाण्यावरची सुरकुती बघतात ना, मला तरी त्याचा उपयोग झाला. कॅम्प पेरीला गोळीबार तलावाच्या दिशेने असतो, आणि मासे धरायला आलेली बोट धोक्याच्या हद्दीत शिरली की सगळी लाइन थांबते. मी त्या मॅटवर पडून बोट जायची वाट बघतो तेव्हा डोळ्यांसमोर मालवणचं बंदर येतं.

एवढ्या लांबीवर प्रत्येक गोळीचा वेग सारखा हवा, म्हणून स्वतः भरायचं. उडालेली केस साफ करायची, जुना प्रायमर काढायचा, डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून मूळ मापाला आणायची, लांबी वाढली असेल तर कापायची, नवा प्रायमर, तोलून पावडर, मग बुलेट बसवायची. तोलायचं ग्रेनमध्ये, एका ग्रॅममध्ये साडेपंधराच्या आत-बाहेर ग्रेन. पावडरचं माप छापील मॅन्युअलमधून घ्यायचं आणि कमीत कमी आकड्यापासून चढत जायचं, मित्राने सांगितलेल्या आकड्यावरून कधीच नाही. कडक थंडीत जमवलेलं माप जुलैच्या उन्हात जास्त दाब देतं, हे वहीत तापमानासकट लिहिलं नाही तर कळत नाही. प्रायमरच्या धुरात शिसं असतं, म्हणून टेबलावर खाणं नाही आणि उठलो की साबणाने हात. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा.

हे सगळे नियम मला पाठ होते, तरी २०१५ च्या गणपतीत चूक झाली. पावडर भरत होतो आणि घरून फोन आला, आरती चालू होती, दाखवत होते. फोन कानाला लावून मी हात चालू ठेवला. पुढच्या शनिवारी रेंजवर ट्रिगर दाबला तर खांद्याला धक्काच नाही, नुसतं "फट्". एका केसमध्ये पावडर पडलीच नव्हती. प्रायमरच्या जोरावर गोळी बॅरलमध्ये दोन-तीन इंच सरकून अडकली होती. हात बोल्टवर गेला होता, दुसरं काडतूस सारून पुढची गोळी मारली असती तर बॅरल माझ्या चेहऱ्यापाशी फुटली असती. शेजारच्या म्हाताऱ्याने आवाज ओळखला, तो "थांब" म्हणून ओरडला. बोल्ट काढून मागून बघितलं, नळीतून उजेड दिसत नव्हता. त्या खेपेची सगळी, ९३ काडतुसं घरी येऊन एकेक उघडली. तेव्हापासून फोन दुसऱ्या खोलीत. पन्नास केस लाकडी ब्लॉकमध्ये उभ्या, पावडर भरून झाली की बॅटरी तिरपी धरून सगळ्यांत पावडरची पातळी एकसारखी आहे का बघतो, मगच पहिली बुलेट हातात घेतो. आणि जुन्या केसच्या आत टोक वाकवलेली तार फिरवतो. बुडाच्या जरा वर नखाला खाच लागावी तशी अडकली की केस आतून पातळ झाली, ती फेकायची.

आमच्या आज्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, डुकरांसाठी. निवडणूक लागली की आज्या ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायचा, निकाल लागला की परत. पावसाळ्यात मांगरात बसून खोबरेल लावलेल्या फडक्याने नळी पुसायचा. दारू भरताना मी मध्येच बोललो की म्हणायचा, "दारूक घाय चलणा नाय." दारू, गाबडं, छर्रे, गजाने ठासणं, टोपी, या क्रमात त्याने कधी एक पायरी गाळलेली मी पाहिली नाही. २०१५ च्या त्या रात्री ९३ काडतुसं उघडताना मला तोच आठवत होता.

आणि गंमत बघ, तुझ्यासाठी हीच दुसरी मोकळी वाट आहे. काळ्या दारूची, फक्त तोंडाकडून ठासायची बंदूक केंद्रीय कायद्यात अँटिक धरतात, फायरआर्म नव्हे. इंडियानात फ्रेंडशिप नावाचं गाव आहे, तिथे १९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी-बंदूक संघटनेचे सामने होतात. कोलंबसहून गाडीने जाण्यासारखं आहे. राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, त्यामुळे वकिलाला हाही प्रश्न त्याच तासात विचार. पण कोकणातल्या पोराला ती बंदूक शिकवायला तिथे कोणाला फार वेळ लागणार नाही.

भारतातली नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये उभी केली ती गणेश वासुदेव मावळंकरांनी, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांचं मूळ गाव मावळंगे, तुझ्याच संगमेश्वर तालुक्यातलं. तू त्यांच्या नावाची मावळंकर स्पर्धा खेळलास, पण तिथे जाऊन आलायस का? निघण्याआधी एकदा जाऊन ये.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घराचं, बँकेचं, सोशल सिक्युरिटीचं उरकून घे. दुसऱ्या शनिवारी सकाळी सहाला मी तुला न्यायला येतो. केंद्र उघडं आहे का ते मी आधी फोन करून विचारतो. पेलेट आणू नकोस, माझ्याकडे चार डबे पडून आहेत. बूट मात्र विसरू नकोस.