उष्माघात विम्याच्या लेखी अपघात नाही, आणि २८ मे पुढे सरकत नाही

अकोला जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. थोरला भाऊ, वय ३४, टेनिस बॉल क्रिकेटमधला विकेटकीपर. २६ मे २०२४ च्या रविवारी त्याच्या संघाचा त्या दिवसातला तिसरा सामना होता, फायनलचा. तो सकाळी व्हायचा होता, पण बक्षीस द्यायला येणारे पाहुणे दुपारीच मोकळे होते म्हणून दीड वाजता सुरू झाला. पाचव्या ओव्हरनंतर भाऊ असंबद्ध बोलायला लागला आणि कोसळला. २८ मे रोजी दवाखान्यात वारला. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने खेळाडूंचा सामूहिक अपघात विमा काढला होता. कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये दावा नाकारला. वाचक विचारतात, ‘कंपनीला ग्राहक मंचात खेचायचं आहे, कसं करू?’

असं पत्र दर उन्हाळ्यात येतं. कधी कबड्डी असते, कधी भरतीची धावण्याची तयारी. प्रश्न तोच आणि चूकही तीच.

तुम्ही जोडलेलं नकाराचं पत्र मी वाचलं. तुम्ही ते नीट वाचलंत का, अशी शंका येते, कारण दुसऱ्या पानावर पॉलिसीतली व्याख्या छापली आहे: बाह्य, हिंसक आणि दृश्य कारणाने अचानक, अनपेक्षित घडलेली घटना म्हणजे अपघात. ऊन बाहेरूनच लागतं हे तुमचं म्हणणं मला कळतं. पण याच शब्दांवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निकाल दिला आहे. २००० सालच्या बिहारच्या निवडणुकीत बंदोबस्ताला असलेला एक पोलीस शिपाई उष्माघाताने गेला होता. त्याचा मृत्यू या व्याख्येत बसत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. दावा काही वर्षांनी दाखल झाला, हेही कुटुंबाच्या विरोधात गेलं. ड्युटीवरच्या शिपायाला जे मिळालं नाही ते हौसेने खेळणाऱ्याला कोणता आयोग देईल?

मूळ पॉलिसी मात्र एकदा मागून घ्या. तुमच्याकडे फक्त सर्टिफिकेट आहे. एखाद्या पॉलिसीत उष्माघात वेगळा लिहून घेतलेला असू शकतो आणि तसं असेल तर गोष्टच बदलते. नसेल तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे जायची एक वर्षाची मुदत गेलीच आहे. ग्राहक आयोगात (तुम्ही म्हणता तो मंच) ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ ची दोन वर्षं नकारापासून मोजली तर जानेवारी २०२७ पर्यंत जाता येईल. तिथे तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी असं कायद्यात लिहिलंय. हे वाक्य मी पक्षकारांना वाचून दाखवणं सोडून दिलं आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. कंपनीला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती तुम्ही जोडल्या आहेत, अकरा. मंडळाला पाठवलेलं एकही नाही. भर दुपारी फायनल कंपनीने लावली नव्हती, मंडळाने लावली होती.

निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर वारसांनी भरपाई मागायची ती १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली (फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट). मुदत कायद्याच्या अनुच्छेद ८२ प्रमाणे त्यासाठी मृत्यूपासून दोन वर्षं मिळतात. तीन नाहीत, आणि विम्याच्या नकारापासूनही मोजायची नाहीत. भाऊ २८ मे २०२४ ला गेले. म्हणजे २८ मे २०२६. आज एप्रिल संपत आलाय.

आता तीन जण तुम्हाला तीन गोष्टी सांगतील. एक म्हणेल, वकिलाची नोटीस पाठवा म्हणजे मुदत थांबते. नोटिशीने मुदत थांबत नाही, आणि अशा खासगी मंडळाला दाव्याआधी नोटीस देणं सक्तीचंही नाही. दुसरा म्हणेल, उशीर माफीचा अर्ज देऊ. उशीर माफ करणारं मुदत कायद्याचं कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागू आहे, दाव्याला नाही. तिसरा म्हणेल, भावाची मुलगी अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालची आहे, तिच्या नावाने मुदत वाढते. या मुद्द्यावर वाद घालता येतो, पण तुमच्या वहिनींच्या संसारावर असला प्रयोग मी करणार नाही.

त्यात मे महिन्यात जिल्हा न्यायालयाला उन्हाळी सुट्टी. ऊन सोसवत नाही म्हणून आम्ही काळे कोटवाले महिनाभर घरी बसतो, आणि तुमच्या मंडळाने पाहुण्यांच्या सोयीसाठी ४५ अंशांत फायनल ठेवली. सुट्टीत मुदत संपली तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा टाकता येतो, मुदत कायद्याचं कलम ४ तसं सांगतं. तरी त्या सवलतीवर विसंबू नका. सुट्टी लागायच्या आत दावा दाखल व्हायला हवा.

दावा तुमच्या नावाने चालणार नाही, हेही पत्रावरून तुम्हाला माहीत नाही असं दिसतं. या कायद्यात भरपाई पत्नी, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी आहे, भावासाठी नाही. वादी म्हणून वहिनी, आई आणि मुलगी हव्यात. वकिलाच्या खर्चाची काळजी वाटत असेल तर वहिनींना घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. प्रतिवादी म्हणून मंडळ नोंदणीकृत असेल तर मंडळ, शिवाय अध्यक्ष आणि सचिव. नोंदणीच नसेल तर पदाधिकाऱ्यांना नावानिशी ओढा. मैदान नगरपरिषदेचं होतं म्हणून तिलाही गुंतवायचा मोह टाळा. तिथली नोटीस वेगळी, मुदतही वेगळी.

मंडळाचा पहिला बचाव खेळाडूंकडून सही करून घेतलेला तो फॉर्म असणार, ‘खेळताना इजा झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही’. त्याची फार धास्ती घेऊ नका. खेळाडू मान्य करतो तो खेळातला धोका: चेंडू लागणं, पाय मुरगळणं. आयोजकाने वेळ बदलून उभा केलेला धोका त्यात येतो का, यावर वाद होईल आणि मला तुमची बाजू जड वाटते. खात्री मात्र देत नाही. ‘तो स्वतःच्या मर्जीने खेळला’ असं म्हणून भरपाईतून काही टक्के कापले जातील, हे धरून चला.

दुसरा बचाव, ‘इतकं होईल याची कल्पना नव्हती’. तो टिकू नये. खारघरला १६ एप्रिल २०२३ च्या पुरस्कार सोहळ्यात उन्हाने १४ जण गेले, हे राज्यात कुणाला माहीत नव्हतं? आणि तुमच्याच जिल्ह्यात २५ मे २०२४ पासून उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ खाली आदेश काढला होता. फायनल दुसऱ्या दिवशी झाली. त्या आदेशाचा रोख कामाच्या ठिकाणांवर आणि शिकवण्यांवर होता, त्यामुळे तो क्रिकेट स्पर्धेला थेट लागू होता असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर ‘कल्पना नव्हती’ म्हणायला तोंड उरत नाही. आदेशाची प्रमाणित प्रत आणि हवामान विभागाचं त्या दिवसाचं पत्रक, दोन्ही मिळवा. स्पर्धेच्या नियमपत्रकात ‘एमसीसीचे नियम लागू’ अशी ओळ असेल तर उत्तम. एमसीसी म्हणजे क्रिकेटचे नियम करणारा इंग्लंडमधला क्लब. त्या नियमांत हवामान धोकादायक असेल तर खेळ थांबवायचा अधिकार पंचांना आहे. पंच मंडळानेच नेमले होते.

पुराव्यात तुमची एक चूक महागात पडणार आहे. शवविच्छेदन नको म्हणून तुम्ही सही दिलीत. त्या वेळी आईकडे बघून दिलीत, समजतं. पण समोरचा वकील आता ‘हार्ट अटॅक होता’ म्हणेल. त्याला उत्तर आहे ते दवाखान्याच्या ॲडमिशन शीटवर. तुम्ही पाठवलेल्या धूसर फोटोत डाव्या कोपऱ्यात नर्सने पेनाने लिहिलंय, ताप ४१.६, खाली ‘शुद्ध हरपलेली’. शरीराचं तापमान ४० च्या वर आणि मेंदूवर परिणाम, उष्माघाताची खूण डॉक्टर हीच सांगतात. पूर्ण केसपेपर लेखी अर्ज करून मागा. डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यायचे असतात आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात. यातली दोन सरत आली.

आणि ते युट्यूबवरचं थेट प्रक्षेपण. मी दोनदा पाहिलं. चौथ्या ओव्हरला भाऊ गुडघ्यांवर हात टेकून वाकलेले दिसतात, कुणीतरी पाण्याचा जार उलटा करून झटकतो, तो रिकामा असतो, आणि समालोचक हसत म्हणतो, ‘कीपर भाऊ, अजून चार ओव्हर राहिल्यात!’ पडद्यावर वेळ दिसते. हा व्हिडिओ आजच उतरवून ठेवा. मंडळाला नोटीस मिळाली की तो तिथे राहणार नाही. न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल, तेवढं वकिलांना आठवण करून द्या.

फौजदारी बाजू थोडक्यात. मृत्यू १ जुलै २०२४ च्या, म्हणजे नवे फौजदारी कायदे लागू होण्याच्या आधीचा, म्हणून भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३०४-अ (निष्काळजीपणाने मृत्यू) लागू, शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. तक्रार द्यायची तर द्या, न्यायालयाने दखल घ्यायची मुदत तीन वर्षांची आहे. पण पोलीस काय करतात ते बघू आणि मग दिवाणी दावा टाकू, असं करू नका. त्यात तुमचा मे निघून जाईल.

प्राधिकरणाच्या कार्यालयात सोमवारी सकाळी जा. मृत्यूचा दाखला, नकाराचं पत्र आणि व्हिडिओचा पेनड्राइव्ह सोबत असू द्या. कंपनीला बारावं पत्र लिहिलं असेल तर ते टाकू नका.