ईद मुबारक बोलायला त्याला वेळ लागू दे

अस्सलामु अलैकुम बेटा,

ईदच्या दिवशी तू फोन केलास आणि शेवटी पोराच्या हातात दिलास, मागून तुझा आवाज येत होता, बोल ना, ईद मुबारक बोल, अरे हळू, श्वास घे आधी. तो बिचारा ई ई ई करत राहिला आणि मग फोन परत तुझ्याकडे. तू हसून विषय बदललास, पण मला रात्री झोप नाही लागली. तुझ्या अब्बांना माहिती होतं, तुला कदाचित लक्षात नसेल, मी पण तोतरा आहे. आता कमी झालंय म्हणून लोक विसरतात.

आणि तोतऱ्या माणसाला रोजी कुठे मिळाली तर एसटीत, कंडक्टर म्हणून, 31 वर्षं! आम्ही लोक शब्द बदलण्यात एकदम तरबेज असतो, 'पाणी' अडकलं की पटकन 'तहान लागलीये' म्हणायचं, पण खेडला खेडच म्हणावं लागतं ना, दुसरं काय म्हणणार. तसंच स्वतःच्या नावाचं. ते बदलता येत नाही म्हणून तिथेच सगळ्यात जास्त अडकतं. त्यामुळे पाहुणे आले की 'नाव सांग बेटा' हे आधी बंद कर, आणि फोन पण सध्या नको, समोरच्याचा चेहरा दिसत नाही, नुसती शांतता ऐकू येते, फार अवघड जातं.

हळू बोल, दम घे, नीट विचार करून बोल, हे तू प्रेमाने सांगतोस ते कळतं मला. पण त्याला शब्द येत नाही असं नसतंच, शब्द तयार असतो, गळ्यात दार बंद झालेलं असतं आणि जितका जोर लावू तितकं ते घट्ट होतं. डोळे मिचकावणं, पाय आपटणं हे सगळं त्या जोराचंच असतं, त्यावरून ओरडू नको. तू फक्त थांब. त्याच्या ओठांकडे टक लावून बघू नको, नेहमीसारखं त्याच्याकडे बघ, आणि वाक्य त्याचं त्यालाच संपवू दे. मला विचारशील तर सब्र म्हणजे ते चार सेकंदच, ज्यात त्याचा शब्द आपण बोलून टाकायची जिभेला खाज सुटते. हळू बोलायचंच असेल तर तू बोल. नबींच्या बीवी हजरत आयशा सांगतात, नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम असे बोलायचे की कोणी शब्द मोजायचे म्हटलं तर मोजता यायचे. नबींची ही रीत, ही सुन्नत आपल्या घरात कोणाला आठवत नाही, सगळे एकदम बोलतात आणि त्या गोंधळात पोराने आपला नंबर लावायचा!

आता इलाजाचं. तुझ्याकडे पण कोणीतरी वेखंड उगाळून चाटवा म्हणालं असेल, अक्कलकारा, तावीज, जिभेखालची शीर कापा. माझ्यावर शीर सोडून सगळं झालंय, वेखंडाने जीभ चुरचुरते, बाकी काही होत नाही. आणि सूनबाईला सांग की तिने लहानपणी रागावलं म्हणून किंवा तो कुत्र्याला घाबरला म्हणून हे झालेलं नाही. मेंदूत बोलण्याची जी जुळणी असते तिथला हा फरक आहे, बऱ्याचदा घराण्यात असतो, मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त दिसतो. शंभरातली साधारण पाच मुलं लहानपणी कधी ना कधी अशी अडखळतात, दोन ते पाच वर्षांच्या मधे सुरू होतं आणि बहुतेकांचं जातं पण. पण तुझा सहाचा होत आला आणि तिसऱ्या वर्षापासून चालू आहे, म्हणजे आता वाट बघत बसू नको, स्पीच थेरपिस्टला दाखव. तू पनवेलला आहेस, वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग इन्स्टिट्यूट आहे, केंद्र सरकारची, 1983 पासूनची, तिथे जा. पहिल्या महिन्यात फरक नाही म्हणून सोडू नको. दुआ पण कर आणि लोकल पण पकड, दोन्ही लागतं.

दुआवरून आठवलं. तू म्हणालास की रोज त्याच्याकडून 'रब्बिश्रह ली सदरी' अकरा वेळा म्हणून घेतोस. बेटा, कुराणातल्या सूरह ताहामधली ती दुआ पैगंबर मूसा अलैहिस्सलामनी स्वतः मागितली, कोणी समोर बसून त्यांची परीक्षा घेत नव्हतं. पोरगं अडकतं, तू पुन्हा म्हण म्हणतोस, मग ती दुआ राहते कुठे, ती शिक्षा झाली. त्यापेक्षा त्याला किस्सा सांग. माझ्या जिभेची गाठ सोड म्हणजे लोकांना माझं बोलणं समजेल, एवढंच मागितलं त्यांनी, फाडफाड बोलता यावं असं नाही. माझा भाऊ हारून माझ्यापेक्षा चांगलं बोलतो, त्याला सोबत दे, हे पण मागितलं, आणि मिळालं. पण काम मूसांचंच राहिलं, मिसरचा जालिम बादशाह फिरऔन, त्याच्यासमोर तेच उभे राहिले. आणि 'याला धड बोलता पण येत नाही' असं म्हणणारा कुराणात कोण आहे तर फिरऔन. हे पोराला जरूर सांग, शाळेत कोणी चिडवलं की त्याला मनात हसू येईल. मला तरी यायचं, तिकिटाला उशीर झाला म्हणून माझी नक्कल करणारा पॅसेंजर दिसला की मी मनात म्हणायचो, बसा फिरऔनसाहेब, सुट्टे द्या.

मकतबमध्ये त्याला कुराण शिकवतात त्या मौलानांना तू स्वतः जाऊन भेट, पोरासमोर नको. सांग की सबक, म्हणजे धडा, एकट्याने उभं राहून घेऊ नका, सगळ्यांसोबत घ्या. सोबत म्हणताना, सुरात म्हणताना आमची जीभ सहसा अडकत नाही, हे थेरपिस्टही सांगतील. आणि अडकली तरी, जो कुराण अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुप्पट सवाब, दुप्पट पुण्य, ही नबींची हदीस बुखारी-मुस्लिम दोन्ही किताबांत आहे, मौलानांना तुझ्यापेक्षा जास्त माहिती असणार, फक्त आठवण करून दे.

लोक हृतिक रोशनचं उदाहरण देतील. देऊ दे, पण पोरासमोर नको, नाहीतर त्याला वाटेल हे झाकायला आता हिरोच व्हावं लागणार.

अजून एक, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. रात्री इशाच्या नमाजनंतर एकटा दुआ मागताना मी कधीच अडखळलो नाही, लहानपणापासून, एकदाही नाही. एकट्याने बोलताना बऱ्याच जणांचं असंच होतं म्हणतात, असेल, पण मी माझा अर्थ घेतला. तुझा पोरगा झोपण्याआधी पांघरुणात पुटपुटत असेल तर दारात उभं राहून ऐकू नको, ती वेळ त्याची आहे.

सुट्टीत चिपळूणला या. मी कागदाची तिकिटं कापून ठेवतो, ओट्यावर गाडी लावू. कुठलं तिकीट पाहिजे ते त्यानेच सांगायचं, तू मधे बोलायचं नाहीस, आणि त्याचं सांगून होईपर्यंत मी काही डबल बेल देत नाही.

तुझा चाचा