‘द बिग बँग थिअरी’सारख्या मालिका नर्ड मंडळींसोबत हसतात की त्यांनाच हसतात?

आपण प्रश्नासोबत लिहिले आहे की, आपल्या चौदा वर्षांच्या, सतत पुस्तकात डोके खुपसून बसणाऱ्या मुलाला वर्गातली मुले ‘शेल्डन’ (या अमेरिकी विनोदी मालिकेतला विक्षिप्त, हुशार भौतिकशास्त्रज्ञ) म्हणतात, म्हणून त्याला आता ती मालिका पाहायची आहे आणि ती दाखवावी की नाही, हे आपल्याला कळत नाही. माझे मत आधीच सांगून टाकते. ही मालिका, निदान पहिल्या तीन पर्वांत, अशा पुस्तकी, अभ्यासू माणसांना, म्हणजे नर्ड मंडळींना हसते आणि त्यांच्यासोबत हसत असल्याचा आव उत्तम आणते. मी पदार्थविज्ञानात पीएच.डी. केलेली बाई आहे, दक्षिण कॅलिफोर्नियात राहते आणि याच प्रश्नावरून माझा माझ्या धाकट्या दिरांशी कित्येक वर्षे वाद चालू आहे, तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नये.

विनोद कोणाच्या बाजूने आहे हे ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे. हसण्यासाठी प्रेक्षकाला काय ठाऊक असावे लागते, ते पाहावे. या मालिकेच्या दिवाणखान्यातल्या पांढऱ्या फळ्यावरची समीकरणे खरी असत. ती तपासून देण्याचे काम लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड साल्टझबर्ग यांच्याकडे होते आणि त्यांनी ते अत्यंत निष्ठेने केले. पण त्या फळ्यावर अचूक समीकरणांऐवजी किराण्याची यादी लिहिली असती, तरी एकही हशा कमी झाला नसता. विज्ञान तिथे नेपथ्याला असते. हशा येतो तो शेल्डन दारावर तीनदा टकटक करतो, सोफ्यावरची ठरलेली जागा सोडत नाही आणि समोरच्याचा उपरोध त्याला कळत नाही, याला.

पहिल्या पर्वातला हॅलोविनचा भाग आठवून पाहा. शेल्डन आणि त्याचे तीन मित्र, चौघेही फ्लॅश या कॉमिक्समधल्या वेगवान नायकाचाच पोशाख घालून येतात आणि मग वेगळे काहीतरी घालावे लागते, म्हणून शेल्डन काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा पोशाख चढवून डॉप्लर परिणाम बनून पार्टीला जातो. कल्पना फार सुंदर आहे, कारण पट्टे एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ होत जातात, आणि ज्याने कधी रेल्वे फाटकापाशी उभे राहून जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा बदलता सूर, म्हणजेच हा परिणाम, ऐकला आहे, त्याला ती चटकन उमगावी. मात्र प्रसंगातला विनोद पट्ट्यांचा नाहीच; पार्टीत कोणालाही ते ओळखता येत नाही आणि तो तोंडाने तसा आवाज काढून दाखवत राहतो, याचा तो विनोद आहे. त्याच पार्टीत शेजारीण पेनीचा जुना धिप्पाड मित्र शेल्डनच्या घरातला सोबती लेनर्डला खांद्यांना धरून अलगद उचलतो, आणि आपण कोणाच्या नजरेतून बघतो आहोत, हे तिथे लख्ख दिसते.

आता दिरांचे प्रकरण सांगते, कारण माझी ही कसोटी पुस्तकातून आलेली नाही. आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटुकले होते. २०१२ साली भाऊजींनी, जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि या मालिकेचे कडवे भक्त आहेत, तिच्या धर्तीवर चार मराठी ब्रह्मचाऱ्यांचे नाटुकले लिहिले आणि शास्त्रीय वाक्ये लिहून देण्याचे काम माझ्यावर सोपवले. ‘‘वहिनी, तुम्ही आमच्या साल्टझबर्ग,’’ असे त्यांनी म्हटल्यावर मी फुशारले, हे कबूल करायला मला अजिबात संकोच वाटत नाही. मी ते काम मनापासून केले. एका प्रवेशात नायकाची आई सांगलीहून फोन करून वरणासाठी कुकरच्या तीन शिट्ट्या घ्यायला सांगते, आणि त्यावर मी त्याला असे वाक्य दिले होते : ‘‘आई, शिट्टी हे एकक नाही. आच मोठी ठेवली की तीन शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कच्ची राहते. डाळीला शिट्ट्या मोजता येत नाहीत. १२१ अंशांना तिला किती मिनिटं ठेवलं, एवढंच तिला कळतं.’’ त्यावर आई म्हणते, ‘‘मग त्या १२१ अंशांनाच विचार, मीठ घातलंय का.’’

हे आकडे खरे आहेत. कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ पाउंड प्रति चौरस इंच जास्त दाबाला उचलली जाते आणि त्या दाबाला पाणी १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, त्यामुळे पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून मिनिटे मोजणे, हेच शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे. तालमी एका स्नेह्यांच्या गॅरेजमध्ये चालत. त्यांच्या आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि दाराशी खुर्ची टाकून मटार सोलत आमच्या तालमी बघत असत. या वाक्याला त्या खळखळून हसल्या आणि लगेच वाद घालायला लागल्या : ‘‘अगं, पण रबर सैल झालेलं असलं तर एकही शिट्टी होत नाही, ते धर की त्यात.’’ मी ते धरले. त्या हसल्या, कारण उभा जन्म शिट्ट्या मोजण्यात गेल्यावर कोणीतरी प्रथमच त्या मोजण्याचा हिशेब मांडला होता, आणि नायकाचे चुकत काहीच नव्हते. तो फक्त आईसमोर बोलत होता. यात हसणारी, बोलणारा आणि लिहिणारी असे आम्ही तिघेही एकाच बाजूला होतो.

प्रयोगाच्या दिवशी, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात, नायक फोन कानाला लावून, चष्मा वर सरकवून एका दमात म्हणाला, ‘‘आई, शिट्टीचं क्वांटम सुपरपोझिशन कोलॅप्स झाल्याशिवाय डाळीचं एंटँगलमेंट रीनॉर्मलाइझ होत नाही!’’ सभागृह दणाणले. आईचे उत्तर भाऊजींनी कापूनच टाकले होते, कारण त्या हशानंतर त्याची गरज उरली नव्हती. मला न सांगता केलेला बदल, ही एक गोष्ट झाली. दुसरी गोष्ट अशी की पुढच्याच प्रवेशात ‘डॉक्टरवहिनी’ नावाचे, माझ्याकडे कोणीही न मागितलेले पात्र मंचावर आले आणि त्याच्या अंगात माझे मोहरी रंगाचे कार्डिगन होते, जे जाऊबाईंनी ‘सभागृहात एसी फार असतो’ म्हणून दोन दिवस आधी नेले होते. त्या पात्राने तोंड उघडण्याआधीच लोक हसले. नवरा माझ्या शेजारी बसला होता. त्याने प्रथम मंचाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले आणि तो पाणी आणायला उठून गेला.

घरी आल्यावर मी विचारले, तेव्हा भाऊजींचे उत्तर होते, ‘‘वहिनी, लोक हसले ना? मग झालं तर.’’ लोक दोन्ही वेळी हसले, यात वाद नाही. परंतु गॅरेजमधल्या बाईंना वाक्य कळले म्हणून त्या हसल्या आणि सभागृह हसले ते वाक्य कळू शकत नाही याला. दुसऱ्या प्रकारचा हशा मिळवायला भौतिकशास्त्र लागत नाही, चष्मा आणि जीभ अडकेल असे चार शब्द पुरतात. मूळ मालिकेचे एमी हे, पुढे शेल्डनची जोडीदार होणारे पात्र मला याच कारणाने सुरुवातीला सहन होत नसे. २०१० साली, तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस ती अवतरते, तेव्हा तिचे कपडे हाच विनोद असतो. आणि ती साकारणाऱ्या मायिम बियालिक यांनी प्रत्यक्षात मेंदूविज्ञानात पीएच.डी. केलेली आहे, हे कळल्यावर तर माझा संताप दुप्पट झाला.

भाऊजींच्या बाजूने बोलायचे, तर त्यांच्याकडे मुद्दे आहेत आणि ते त्यांनी प्रत्येक दिवाळीला माझ्यापुढे मांडले आहेत. मालिकेच्या दोन जनकांपैकी बिल प्रॅडी हे स्वतः आधी संगणकाचे प्रोग्रॅमर होते आणि पात्रे त्यांच्या त्या काळातल्या सहकाऱ्यांवरून सुचली. ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली एका मधमाशीच्या प्रजातीला शेल्डनच्या ‘बझिंगा’ या थट्टेच्या उद्गारावरून नाव दिले. २०१५ साली मालिकेच्या मंडळींनी साल्टझबर्ग यांच्याच विद्यापीठात विज्ञान शिकणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांसाठी ४० लाख डॉलरहून अधिक रकमेचा शिष्यवृत्ती निधी उभारला. हे सगळे खरे आहे आणि शिष्यवृत्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांचा हुकमी एक्का वेगळा आहे. २००६ साली बनलेल्या आणि कधीच प्रसारित न झालेल्या पहिल्या नमुना भागात पेनीच्या जागी केटी नावाची एक कडवट, वापरून घेणारी मुलगी होती. चाचणीसाठी बोलावलेल्या प्रेक्षकांना ती नायकांच्या जवळपासही नको वाटली, म्हणून तिला काढून प्रेमळ पेनी आणण्यात आली. भाऊजी म्हणतात, बघा, लोकांना ही पोरे किती आवडली. मी म्हणते, प्रेक्षकांना ती लहान मुलांसारखी, जपण्याजोगी वाटली. पस्तिशीकडे झुकलेल्या शास्त्रज्ञाची कोणाला दया येत असेल, तर ते काही त्याच्यासोबत हसणे नव्हे.

एका बाबतीत मात्र मी मालिकेच्या बाजूने आहे. हशा काढून टाकलेल्या चित्रफिती इंटरनेटवर फिरतात आणि त्या दाखवून लोक म्हणतात की, पाहा, हे किती भेसूर आणि क्रूर आहे. हा पुरावा खोटा आहे. ही मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित होत असे आणि नट हशा ओसरेपर्यंत थांबत. तो हशा कापला की मागे उरलेल्या शांततेत कोणतेही वाक्य भेसूर वाटेल, आपल्याकडच्या कोणत्याही गाजलेल्या फार्सचेही तेच होईल.

सोबत हसणे कसे असते, ते पाहायचे असेल, तर एचबीओ वाहिनीच्या ‘सिलिकॉन व्हॅली’ या प्रोग्रॅमर मंडळींवरच्या मालिकेकडे वळावे. तिथे तिसऱ्या पर्वात नायक प्रोग्रॅमच्या ओळी आत सरकवण्यासाठी टॅबची कळ वापरायची की स्पेसची, एवढ्या वादावरून आपले प्रेमप्रकरण मोडून टाकतो, आणि ज्याने या वादात कधी बाजू घेतली आहे, तोच त्याला मनापासून हसतो. माहिती दाबून लहान करण्याच्या तंत्राला गुण देणारे ‘वाइसमन स्कोअर’ नावाचे मोजमाप स्टॅनफर्डचे प्राध्यापक त्साची वाइसमन आणि त्यांचे विद्यार्थी विनीत मिश्रा यांनी त्या मालिकेसाठीच तयार केले. तिथे गणित चुकले, तर विनोद पडतो, कारण तो गणितातच आहे. (पहिल्या पर्वाच्या शेवटी जे गणित फळ्यावर मांडतात, ते अत्यंत काटेकोर आहे आणि वडीलधाऱ्यांसमोर सांगण्यासारखे अजिबात नाही, म्हणून चौदा वर्षांच्या मुलासाठी ही मालिका अजून काही वर्षे बाजूला ठेवावी.)

इतके कठोर बोलल्यावर काही गोष्टी सांगायला हव्यात. चौथ्या पर्वापासून एमी आणि बर्नाडेट ही स्त्रीपात्रे नियमित झाल्यावर मालिका पुष्कळ मवाळ झाली. शेवटी, २०१९ साली, शेल्डन आणि एमी यांना नोबेल मिळते आणि त्याच सोहळ्यात तो आपल्या मित्रांची क्षमा मागतो. आधीच्या पर्वांतही अपवाद आहेत. दुसऱ्या पर्वात पेनी शेल्डनला नाताळची भेट म्हणून ‘स्टार ट्रेक’मधला स्पॉक साकारणारे नट लेनर्ड निमॉय यांनी तोंड पुसलेला, सही केलेला नॅपकिन देते, तेव्हा त्याचे पाय लटपटतात आणि तो तिला मिठी मारतो. ज्याच्या आयुष्यात एखादे असे दैवत आहे, त्याला तिथे डोळे पुसावे लागतात. तसेच शेल्डनला स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) वर्णपटावरचा समजू नये, असे मालिकेच्या कर्त्यांनी सांगितले आहे. त्यामागे लेखकीय स्वातंत्र्याचा विचार असेल. मला मात्र त्यात सोयीचा भाग अधिक दिसतो, कारण निदान झालेल्या माणसाला इतके मोकळेपणाने हसता आले नसते.

तेव्हा मुलाला मालिका जरूर दाखवा, परंतु शेजारी बसून दाखवा आणि हशा आला की त्याला विचारा, आत्ता लोक कशाला हसले? त्याने ‘लोक हसले ना, मग झालं’ असे उत्तर दिले, तर ते मान्य करू नका. मी ते इतकी वर्षे मान्य केलेले नाही. सुरुवात नॅपकिनच्या भागाने करा. त्याच पर्वाचा पहिला भाग आधी एकट्याने पाहून ठेवा, कारण त्यात ऐश्वर्याची बाजू घेताना शेल्डनचा भारतीय मित्र राज याच्या तोंडी माधुरी दीक्षितविषयी असे एक वाक्य घातले आहे, जे मी इथे लिहिणार नाही. त्यावरून २०२३ साली भारतात नेटफ्लिक्सला कायदेशीर नोटीस गेली होती. त्या वाक्यालाही प्रेक्षक हसतात. नोटिशीची बातमी आली, त्या आठवड्यात भाऊजी आमच्याकडे जेवायला होते. मी त्यांना विचारले, लोक हसले ना, मग झालं ना? ते म्हणाले, ‘‘नाही वहिनी, माधुरीला असं बोलायचं म्हणजे जरा जास्तच झालं.’’