मोड्यूल राहू द्या, हप्ता थांबवा

सोलापूरहून एका वाचकांचं तीन पानी पत्र आलंय. वय ४१. दिवसा अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात हिशेबनीस, पगार २४ हजार; रात्री ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, वर्षाला साठेक तारखा. घरी आई, बायको, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. त्यांच्याकडे रोलंडचा एक्सव्ही-५०८० हा सिंथ-सॅम्पलर मोड्यूल आहे, म्हणजे कीबोर्डला जोडायची आवाजांची पेटी, रेकॉर्ड केलेले आवाजही (सॅम्पल) वाजवणारी; २०१९ मध्ये जुना, ४५ हजारांना घेतलेला. लातूरचा एक वादक त्याचे ५० हजार रोख द्यायला तयार आहे.

त्यांचा प्रश्न: "आत्ता विकू, की ठेवू? जुन्या सिंथेसायझरचे भाव चढतायत म्हणे, पाच वर्षांत दुप्पट होतील का? विकला तर घरातले ४६ हजार घालून डिसेंबरचा हप्ता निघेल, आणि मोड्यूलऐवजी आवाजांसाठी लॅपटॉप ईएमआयवर घेईन."

भावाचं आधी उरकतो. चढले ते मुख्यतः जुन्या अ‍ॅनालॉग वाद्यांचे, मिनीमूग, ज्युपिटर-८ वगैरे. सॅम्पलरमध्ये एसपी-१२०० सारख्या मोजक्या पेट्यांचे. तुमचा मोड्यूल २००० सालचा, डिजिटल. त्यातले मूळ आवाज रोलंड स्वतःच आज सॉफ्टवेअर म्हणून विकतं. ज्या वस्तूचा आवाज संगणकावर मिळतो तिचा भाव दुप्पट होईल या आशेवर पाच वर्षं काढू नका. ५० हजार मिळतायत हाच चांगला भाव आहे.

तरीही विकू नका. कारण तुमच्याच पत्रात आहे: मोड्यूल नेला तर बिदागी साडेतीन हजार, नुसत्या कीबोर्डवर अडीच. साठ तारखांचे साठ हजार. ५० हजारांची वस्तू वर्षाला ६० हजार जादा मिळवून देतेय आणि तुम्ही ती तुळशीचं लग्न लागून लग्नसराई सुरू होताना काढताय. पुढे गड्ड्याची यात्रा, एप्रिलमध्ये भीमजयंती. दुभती म्हैस विकून सावकाराचं व्याज भरण्यातला हा प्रकार.

आता हा सावकार कोण ते बघू. तिसऱ्या पानाच्या तळाशी, ताजा कलम म्हणून, एक ओळ: "बँकेतली गॅरंटीड पॉलिसी आहेच, ९६ हजार वार्षिक, मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी." खरं पत्र इथून सुरू व्हायला हवं होतं.

वडील एसटीतून निवृत्त झालेले. ते गेल्यावर आलेले चार लाख एफडीत ठेवायला तुम्ही २०२३ च्या डिसेंबरात बँकेत गेलात. टेबलापलीकडच्या साहेबांनी सांगितलं, एफडीत काय राहिलंय, ही आपल्या बँकेचीच स्कीम आहे. ती बँकेची नव्हती, विमा कंपनीची होती; बँक कमिशनवर विकते. दोन हप्ते वडिलांच्या पैशातून गेले, उरलेले घराचे पत्रे बदलण्यात आणि आईच्या आजारपणात. तिसऱ्या हप्त्याला खिसा रिकामा, म्हणून मोड्यूल.

पॉलिसीत काय लिहिलंय? दहा वर्षं ९६ हजार भरा. पहिल्या हप्त्यापासून बाराव्या वर्षानंतर दहा वर्षं दीड लाख घ्या. "नऊ लाख साठ हजारांचे पंधरा लाख, तेही गॅरंटीड." ऐकायला बरं वाटतं. सरळ करून सांगतो: प्रत्येक ९६ हजार बारा वर्षांनी दीड लाख होऊन परत येतात. म्हणजे पावणेचार टक्के. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ आहे, त्या दराने तेच ९६ हजार बारा वर्षांत दोन लाख अठरा हजारांच्या आसपास जातात. गॅरंटी आहे खरी, पण कमी मिळण्याची.

आणि इंजिनिअरिंग? मुलगी २०३० मध्ये बारावी होईल. पॉलिसीची पहिली दमडी येणार डिसेंबर २०३५ मध्ये. तोवर तिची डिग्री होऊन नोकरी लागलेली असेल. पॉलिसी विकणाऱ्याने मुलीची इयत्ता तरी विचारली होती का?

तुम्ही प्रस्ताव अर्जाची झेरॉक्स जोडलीत ते फार बरं केलंत. त्यात वार्षिक उत्पन्न ९ लाख लिहिलंय. तुमचा पगार २ लाख ८८ हजार, बिदागी २ लाख १० हजार. ओढूनताणून पाच लाख. अक्षर तुमच्या पत्रातल्या अक्षराशी जुळत नाही, सही मात्र तुमची. कोऱ्या अर्जावर सही घेऊन आकडे मागाहून भरण्याचा हा जुना धंदा आहे. पाच लाखांच्या माणसाला ९६ हजारांचा हप्ता गळ्यात मारताना संगणक अडवतो, नऊ लाख लिहिले की अडवत नाही. हा कागद घेऊन आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. पूर्ण रक्कम परत मिळेलच असं धरून मात्र चालू नका.

तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पॉलिसीचं काय? सरेंडर केलीत, म्हणजे मध्येच मोडलीत, तर पॉलिसीतल्या तक्त्याप्रमाणे भरलेल्याच्या ३० टक्के, म्हणजे १ लाख ९२ हजारांचे ५७,६००. रागाच्या भरात लोक हेच करतात. पुढचे आठही हप्ते भरलेत तर ७ लाख ६८ हजार घालून १२ लाख जादा मिळतील, सरासरी अकरा वर्षांनी, चार टक्के. ते तर नकोच. तिसरी वाट तुमच्याच तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात आहे, पेड-अप. हप्ते बंद, पॉलिसी चालू, लाभ दोन-दशांश: २०३५ पासून दहा वर्षं, वर्षाला ३० हजार. आजचे ५७,६०० सोडून पुढे तीन लाख घ्यायचे, म्हणजे बारा टक्क्यांच्या वर. या पॉलिसीत चांगला परतावा दडलाय तो एवढ्या एकाच जागी, आणि तोही सरेंडरची किंमत इतकी पाडून ठेवलीय म्हणून. पेड-अप करा.

करायचं कसं? हप्ता न भरणं पुरेसं नाही. तुमच्या खात्यातून तो आपोआप कापला जातो. ती परवानगी बँकेत लेखी अर्ज देऊन नियत तारखेआधी रद्द करा, आणि पेड-अप लाभ किती याचं पत्र कंपनीकडून मागवा. "साहेब, पॉलिसी लॅप्स होईल, वडिलांचे पैसे बुडतील" असा फोन येईल. येऊ द्या.

पण हे करायच्या आधी एक. या पॉलिसीचं कव्हर ९ लाख ६० हजार आहे, म्हणजे घराचा दोन वर्षांचाही खर्च नाही. पेड-अप झाल्यावर तेही घसरेल. तुम्ही रात्री दोनला मोहोळहून, पंढरपूरहून टेम्पोत बसून परतता. ५० लाखांचा शुद्ध टर्म विमा, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा, आधी हातात घ्या. तुमच्या वयाला वर्षाला दहा-बारा हजार धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेलाय. मावा खात असाल तर अर्जात लिहा, हप्ता वाढला तरी. ऑर्केस्ट्रातला माणूस मावा खात नाही यावर माझा तसा विश्वास नाही.

आरोग्य विम्याचा पत्रात उल्लेखच नाही. पगार २१ हजारांच्या वर गेला तेव्हा ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सुटलं असणार आणि त्या जागी काही आलं नाही. तुम्हा चौघांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच आरोग्य विमा, वीसेक हजारांत बसेल. आईचं वय आणि आजार बघता त्यांचा वेगळा विचार करावा लागेल. तोवर महात्मा फुले योजनेचं कार्ड काढून ठेवा.

तर जमवलेल्या ४६ हजारांतले ३२ हजार या दोन विम्यांत. लॅपटॉपच्या ईएमआयला महिना साडेपाच हजार निघणार होते ना? त्यातले चार हजार अडीअडचणीसाठी बाजूला, लाख होईपर्यंत. दीड हजार पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत. बारावीच्या सुमाराला लाखभर हाताशी असतील. इंजिनिअरिंग त्यात होणार नाही, पहिल्या वर्षाची सोय होईल. बाकीसाठी शैक्षणिक कर्ज असतं, आणि ते पावणेचार टक्क्यांच्या पॉलिसीनेही टळणार नव्हतं.

उरले १४ हजार. त्यातले दहा मोड्यूलवर घाला, कारण त्याची नस तुम्हीच लिहिलीय: होटगी रोडच्या कार्यालयात जनरेटर एकदा लुकलुकला आणि तुळजापूरच्या गोंधळ्यांकडून रेकॉर्ड केलेलं संबळ ऐन गोंधळगीतात गायब. यात बिघाड काही नाही. त्यातली सॅम्पलची मेमरी वीज गेली की पुसली जाते, परत डिस्कवरून चढवावी लागते, आणि तोवर गायक माईक धरून उभा. चार-पाच हजारांचा छोटा यूपीएस रॅकमध्ये बसवा. बाहेरून जोडलेली जुन्या पद्धतीची स्कझी डिस्क खडखडते म्हणता, तर तिच्या जागी मेमरी कार्डवर चालणारं अडॅप्टर मिळतं. त्याआधी सगळी संबळ-हलगी संगणकावर उतरवून घ्या; पेटीला ५० हजारवाला गिऱ्हाईक आहे, त्या आवाजांना दुसरी प्रतच नाही. मोड्यूल जपानी बाजारातला असेल तर मागच्या पाटीवर १०० व्होल्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर स्वतःचा न्या, मंडपवाल्याच्या बोर्डावर भरवसा ठेवू नका.

लॅपटॉप कधीतरी घ्यावा लागेलच. मोड्यूलमध्ये जास्तीत जास्त १२८ एमबी मेमरी बसते, म्हणजे सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग साडेबारा मिनिटांचं. लॅपटॉपला ती अडचण नाही. पण नवा सेट लावून, सगळे आवाज बसवून स्टेजवर हात मोकळा व्हायला एक सीझन जातो, आणि तो ऐन लग्नसराईत कर्ज काढून घालवायचा नसतो. जूनमध्ये तारखा ओसरल्या की बिदागीतून रोखीने घ्या, तोही जुना चालेल. लातूरच्या वादकाला आजच फोन करून नाही म्हणून सांगा. आणि बँकेतला अर्ज या आठवड्यात द्या, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.